देवगडचा राजा, नागपूरचा पुतळा

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात ‘उद्या जरा जाऊन येतो’ असे कोणी म्हटले, तर कोठे, हे विचारण्याची रीत नाही. नागपूरलाच! डोळ्यांचे ऑपरेशन असो, लग्नाचा बस्ता असो, मुलीसाठी स्थळ पाहणे असो, की ट्रॅक्टरचा एखादा सुटा भाग असो. आमचे सारे रस्ते दक्षिणेकडे उतरतात. राज्याची राजधानी भोपाळ. पण तेथे माणूस जातो तो कागदासाठी, जिवाभावासाठी नागपूर. आमच्या बागांतली संत्रीसुद्धा टोपलीत बसली की नागपुरी होतात आणि त्याच नावाने देशभर फिरतात. याबद्दल आमच्याकडे कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. सासरी गेलेल्या मुलीचे आडनाव बदलावे तितके ते आम्हांला स्वाभाविक वाटते.

माझे वडील १९५६ ची गोष्ट सांगत. १ नोव्हेंबरपूर्वी नागपूर हीच मध्यप्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, भोपाळ राजधानी झाले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो. “आपण जागचे हललो नाही रे, राजधानी हलली,” असे ते म्हणत, आणि पुढे काहीच बोलत नसत. तेव्हापासून आमच्या घराघरांतून एक समजूत पक्की झाली, की आम्ही म्हणजे नागपूरचा तुटून राहिलेला एक तुकडा. सणवार तिकडचे, पंचांग तिकडचे, वर्तमानपत्र तिकडचे. फक्त सातबारा तेवढा ‘खसरा’ झाला. छोट्या रुळांची गाडी २०१५ पर्यंत छिंदवाड्याहून सौंसरवरून नागपूरला रखडत जाई, तीही आम्हांला त्या तुकड्याला मूळ वस्त्राशी जोडणाऱ्या टाक्यासारखी वाटे.

ही समजूत पुरती उलटी आहे असे सांगणारा एक पुतळा खुद्द नागपुरात उभा आहे. सिव्हिल लाइन्स भागात, मोठमोठ्या कचेऱ्यांच्या वस्तीत, नागपूर शहर वसविणाऱ्या गोंड राजा बख्त बुलंद शाहचा तो पुतळा. आमचे किती लोक त्याच्यावरून गेले असतील! नागपूरला शिकलेले, नोकरी केलेले, कोर्टाच्या तारखांना खेटे घातलेले. पण हा राजा कोठला, असे त्यांना विचारून पाहा. दहांतले आठ गप्प बसतील. वास्तविक तो आमच्याकडचा. सौंसरहून सिल्लेवानीचा घाट चढून गेले, की पलीकडे मोहखेडच्या बाजूला देवगडचा डोंगरी किल्ला आहे. त्या किल्ल्यावरून हा माणूस नागपूरला गेला. तेव्हा तुटला असेल तर तुकडा नागपूरचा. मूळ ठाण आमच्या बाजूला आहे.

देवगडच्या गोंड राज्याचा मूळपुरुष जाटबा. गवळी राजांची सत्ता मोडून त्याने आपले राज्य उभे केले, अशी परंपरा आहे. अकबराच्या काळी अबुल फजलाने ‘ऐन-इ-अकबरी’त त्याची नोंद केली आहे, दोन हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ आणि शंभरावर हत्ती त्याच्या पदरी असल्याचे तो लिहितो. आकड्यांत दरबारी फुगवटा धरला तरी डोंगरातला हा राजा दिल्लीच्या कागदावर चढला होता, एवढे खरे. त्याच घराण्यातला बख्त बुलंद. गादीच्या भांडणात तो १६८६ च्या सुमारास औरंगजेबाकडे गेला, तेथे त्याने मुसलमान धर्म स्वीकारला आणि बादशहाने दिलेले ‘बख्त बुलंद’, म्हणजे थोर भाग्याचा, हे नाव घेऊन तो परतला. पण नाव देणाऱ्याचा तो कायमचा ताबेदार राहिला नाही. औरंगजेब दक्षिणेत मराठ्यांशी झुंजत गुंतून पडला, तेव्हा याने बंड केले आणि मुलूख वाढविला. बादशहा इतका चिडला, की यापुढे याला ‘निगूंबख्त’, म्हणजे पालथ्या नशिबाचा, म्हणावे असा त्याने हुकूम काढल्याचे सांगतात. शब्दांवर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला या हुकमाची मोठी मौज वाटते. राज्य परत घेता येईना, तेव्हा बादशहाने निदान विशेषण परत घेतले!

या राजाने दिल्ली पाहिली होती, मोगली शहरे पाहिली होती, आणि डोंगराच्या आडोशाला बसून पुढचे राज्य चालणार नाही हे त्याने ओळखले असावे. १७०२ मध्ये त्याने नाग नदीच्या काठी, राजापूर-बारसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा लहान वस्त्या एकत्र बांधून नागपूर शहराचा पाया घातला. त्या वाड्यांपैकी सीताबर्डी, सक्करदरा, फुटाळा, लेंडरा, भानखेडा ही नावे आजही शहराच्या पोटात जिवंत आहेत. सीताबर्डीवर साडी घेताना आपण एका जुन्या खेड्यात उभे आहोत हे कोणाच्या ध्यानात येते?

येथे जाणकार वाचक मला अडवील. नागपूर हे नाव त्याहून कितीतरी जुने आहे, असे तो म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या देवळी येथील ताम्रपटात, शके ८६२ म्हणजे इ. स. ९४० मध्ये, ‘नागपूर-नंदिवर्धन’ या विषयाचा, म्हणजे त्या काळच्या जिल्ह्याचा, उल्लेख आहे. मग बख्त बुलंदाने वसविले ते काय? मला वाटते, नाव असणे वेगळे आणि शहर असणे वेगळे. नाव नदीबरोबर वाहत येते. शहर मात्र कोणीतरी ठरवावे लागते. बारा वाड्यांच्या बारा पाटलांना एका वेशीच्या आत राहायला राजी करावे लागते. विणकर, सोनार, लोहार, वाणी यांना ‘या, येथे राहा, तुम्हांला उपद्रव होणार नाही’ असा भरवसा द्यावा लागतो. हा भरवसा त्याने दिला होता. नागपूरचा इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने १८२७ च्या आपल्या अहवालात या राजाबद्दल आदराने लिहिले आहे. हिंदू-मुसलमान असा भेद न करता त्याने गुणी माणसे कामाला लावली, चारी दिशांचे कष्टाळू लोक गोंडवनात येऊन वसले, गावे उभी राहिली, शेती आणि उदीम वाढला, असा त्याचा आशय आहे.

हे वाचताना मी थबकलो. ‘चारी दिशांचे कष्टाळू लोक’ म्हणजे कोण? त्यांत आपलेही लोक नसतील काय? माझ्या घरची परंपरा अशी, की आमचे पूर्वज भोसल्यांच्या काळी वऱ्हाडातून इकडे आले. तालुक्यातल्या पुष्कळ घरांतून अशीच काही कहाणी ऐकू येते. कोणी भोसल्यांच्या फौजेबरोबर, कोणी त्याआधी काळ्या जमिनीच्या शोधात. पण ज्या जंगलात नांगर चालवायला आम्ही आलो, त्या जंगलाचे दार गोंड राजाने आधीच उघडून ठेवले होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथल्या आपल्या मराठी कुटुंबांची गोष्ट निराळी. ती आपल्या राजाच्या मागून गेली. बडोद्याच्या काळ्या घोड्यावर बसलेले सयाजीराव पाहताना तेथल्या मराठी माणसाला घरचा माणूस पाहिल्यासारखे वाटत असेल. नागपूरच्या या पुतळ्यापुढे मात्र मराठी माणसाने घरमालकाच्या ओसरीवर उभे राहावे तसे उभे राहायला हवे.

भोसल्यांनाही हे ठाऊक होते. बख्त बुलंदाचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी नागपूरला आणली, शहराला तट बांधला आणि जुम्मा तलाव केला. तोच आजचा गांधीसागर. १७३९ मध्ये तो वारला, गादीसाठी कापाकापी झाली आणि त्याच्या विधवा राणीने, रतनकुंवरने, वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलाविले. रघूजी आले, त्यांनी घडी बसविली, मोबदला घेऊन परत गेले. पुन्हा भाऊभाऊ भांडले, तेव्हा १७४३ च्या सुमारास ते पुन्हा आले आणि या वेळी राहिले. मदतीला आलेला पाहुणा यजमान झाल्याची ही कथा. पण रघूजींनी बुऱ्हाण शाह या गोंड राजाला नागपूरच्या किल्ल्यात मानाने ठेवले. नव्या भोसले राजाच्या कपाळी राजतिलक लावण्याचा मान गोंड राजाचा राहिला. यात राजकारण होते हे उघड आहे. साताऱ्याला ‘आम्ही गोंड राजाच्या वतीने कारभार पाहतो’ असे म्हणण्याची सोय त्यात होती. तरीही राज्य घेणाऱ्याने ज्याचे घेतले त्याच्याच बोटाने कुंकू लावून घ्यावे, या रिवाजात एक कबुली दडलेली आहे. आज ती कबुली आमच्या पुस्तकांतून गळून गेली आहे.

माझ्या शाळेत नववीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो: नागपूर कोणी वसविले? शाळेचा कारभार हिंदीत; पण मधल्या सुट्टीत पटांगणावर मराठीच ऐकू येते. उत्तरही बहुधा मराठीत येते, “भोसल्याइनं, सर!” एखादा हुशार मुलगा इंग्रजांचे नाव घेतो. मागच्या बाकांवर आदिवासी छात्रावासातली मुले-मुली बसतात, घाटालगतच्या वाड्यांतून आलेली. ती काहीच सांगत नाहीत. त्यांतली पुष्कळ घरी गोंडी बोलतात, शाळेत हिंदी लिहितात आणि बाजारात मराठी ऐकतात. तीन भाषांत राहणारे मूल वर्गात मुके वाटते आणि आपण त्याला ‘मंद’ असा शेरा देऊन मोकळे होतो.

काही वर्षांपूर्वी मी या वर्गाची सहल नागपूरला नेली. इतर ठिकाणांबरोबर हा पुतळा पाहावयाचा असे मी कागदावर लिहिले, तेव्हा एक सहकारी म्हणाले, “गोंडाचा पुतळा पाहायला एवढ्या लांब कशाला? त्यापेक्षा मुलांना मेट्रोत बसवा.” मेट्रोतही बसविले, मुलांचा हट्टच होता. पण आधी पुतळ्यापाशी गेलो. ऊन तापले होते, मोटारी सुसाट जात होत्या, आणि मुले आधी पाण्याच्या बाटल्यांतच गुंतली होती. मी वर लिहिले ते थोडक्यात सांगितले. आपल्या घाटाच्या वरचा राजा, म्हणताच मुले जरा सरसावली. “म्हणजे हा तं आपल्याकडचाच होय, सर!” एकजण ओरडला, आणि नागपूर जणू त्याच्या आजोबाच्या नावे असल्यासारखा तो इकडे-तिकडे पाहू लागला.

उइके आडनावाची एक मुलगी मागे उभी होती. दोन वर्षांत वर्गात तिचा आवाज मी क्वचितच ऐकला असेल. ती पुढे आली आणि हळूच म्हणाली, “सर, याइले गोंडी येत असन का?”

मी म्हणालो, “येतच असेल. दरबारात फारसी बोलत असेल, बाजारात मराठी-हिंदी. पण आईशी कोणत्या भाषेत बोलणार?”

तिने एकदा वर पाहिले, हात जोडले आणि “सेवा जोहार” एवढे दोन शब्द उच्चारले. तिच्या बोलण्यावर एरवी हसणारी दोन-तीन टारगट पोरे शेजारीच उभी होती. ती हसली नाहीत. मला तेवढे पुरे झाले. परतीच्या वाटेवर बसमध्ये तिला मुलींनी गराडा घातला होता आणि ‘पाण्याला काय म्हणतात, भाकरीला काय म्हणतात’ अशी चौकशी चालली होती.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आम्ही मराठी मंडळी जमलो, की आमचे गाऱ्हाणे ठरलेले: मराठीचे शिक्षक कमी झाले, मराठीची पुस्तके वेळेवर मिळत नाहीत, मुले घरीसुद्धा हिंदी बोलू लागली. गाऱ्हाणे खरे आहे. मी स्वतः मराठीचा एम.ए., मला ते अधिक बोचते. पण ज्या राजघराण्याने हा मुलूख वसविला, त्याच्या लेकरांच्या भाषेला आमच्या शाळेत साधे गाऱ्हाण्याचेही स्थान नाही. आमच्या भाषेसाठी अर्ज करायला आम्ही तरी आहोत.

आणखी एक अडचण आहे, तीही सांगून टाकतो. बख्त बुलंद मुसलमान झाला, म्हणून काहींना तो आपला वाटत नाही. तो गोंड राहिला, म्हणून दुसऱ्या काहींना. त्याच्या वंशजांनी धर्म इस्लामचा पाळला, पण गोंडांनी त्यांना आपले राजे मानणे सोडले नाही आणि घराण्यानेही गोंडांशी सोयरीक तोडली नाही. त्या काळच्या माणसांना जे एका घरात नांदविता आले, त्याचा आपल्याला आज एका वाक्यात उच्चार करतानाही अडखळायला होते. वर्गात हे सांगताना मी काही झाकत नाही. मुलांना त्यात काही अवघड वाटत नाही. अवघड वाटते ते पालकांना.

त्याच सहलीत झीरो माइलचा खांबही पाहिला. चार घोडे आणि वालुकाश्माचा स्तंभ. इंग्रजांच्या भूमापनाची १९०७ ची ही खूण मुलांना पुतळ्यापेक्षा अधिक आवडली हे कबूल करायला हवे. घोडे कोणाला आवडत नाहीत? तेथून जवळच गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आपल्या जमातीची नोंद आदिवासींत व्हावी म्हणून विधिमंडळावर मोर्चा घेऊन आलेले ११४ गोवारी बायका, पुरुष आणि मुले चेंगराचेंगरीत मेली. आमच्याकडेही गोवारी आहेत, गावाची गुरे राखणारे. शहर वसविणाऱ्या राजाचा पुतळा आणि त्याच शहराच्या रस्त्यावर चेंगरलेल्यांचे हे स्मारक यांच्यामध्ये फार अंतर नाही. मुलांना मी आकडा आणि तारीख तेवढी सांगितली. बाकीचे त्यांनी स्वतःच वाचले.

पुढल्या हिवाळ्यात देवगड पाहिला नाही तर ही गोष्ट अर्धी राहील असे वाटून आम्ही तेथे गेलो. घाट चढला की हवा बदलते तशी भाषाही बदलते. रामाकोन्यापर्यंत ‘काय म्हणता’, आणि वर उमरानाल्याला ‘क्या हाल है’. देवगड आज एक लहानसे खेडे आहे. २०११ च्या जनगणनेत २४ लाखांवर लोकवस्ती भरलेल्या शहराचे हे माहेर, आणि येथे दुपारी रस्त्यावर कोंबडीखेरीज कोणी नव्हते. किल्ला उंच डोंगरावर, भोवती खोल दऱ्या. नगारखान्याची कमान अजून ताठ आहे. बादल महाल नावालाच उरला आहे. मोती टांक्यात मात्र पाणी होते. आठशे बावड्या आणि नऊशे विहिरी, अशी या गावाची म्हण आहे. ती निव्वळ बढाई असावी असे मला पूर्वी वाटे. पण अलीकडच्या वर्षांत सरकारी योजनेतून गाळ काढायला सुरुवात झाली आणि झाडोऱ्यात गडप झालेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या बावड्या एकामागून एक बाहेर येऊ लागल्या. नऊशेचा हिशेब कोणी मांडू नये. पण डोंगराच्या माथ्यावर एवढी वस्ती जगविणाऱ्या राजाला पाण्याची अक्कल होती, हे त्या पायऱ्या उतरताना पायांना कळते.

उइकेंच्या मुलीचे वडील त्या दिवशी आमच्याबरोबर आले होते. धाकट्याला खांद्यावर घेऊन ते सगळ्यांच्या पुढे चालत होते आणि झाडीत कोठे बावडी आहे ते काठीने दाखवीत होते. देवगडापासून नागपुरापर्यंत जमिनीखालून भुयार आहे, अशी एक दंतकथा इकडे सर्वत्र सांगतात. मुलांनी ती ऐकल्यावर भुयाराचे तोंड शोधण्यातच तास घालविला. एकाने मला विचारले, “सर, खरंच असन का?” मी इतिहासाच्या शिस्तीप्रमाणे ‘पुरावा नाही’ असे सांगणार होतो; तेवढ्यात ते गृहस्थ म्हणाले, “भुयार कायले पाह्यजे? कन्हान जाते नं.” बरोबरच होते. छिंदवाड्याच्या पठारावरून उतरलेली कन्हान आमचा सौंसर तालुका ओलांडून नागपूरकडे जाते, आणि नागपूरच्या नळाला तिचे पाणी येते.

पुतळ्याला दरवर्षी हार पडतात. देवगडच्या चढावर आम्हांला वाटेत एकही पाटी धड वाचता आली नाही. परतल्यावर मुलांनी भिंतीपत्रक काढले. मजकूर हिंदीत, मथळा मराठीत, आणि खाली एका कोपऱ्यात त्या मुलीच्या अक्षरांत गोंडीतल्या चार ओळी. चार ओळींचा अर्थ विचारायला माझ्या कचेरीत जितकी मुले आली, तितकी निकालाच्या दिवशीही येत नाहीत. मी त्यांना तिच्याकडेच पाठविले.

यंदाचा नववीचा वर्गही देवगडला जायचे म्हणतो आहे. मात्र ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून आमचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि देवगड छिंदवाडा जिल्ह्यात राहिले. तेव्हा आता अर्जावर ‘जिल्ह्याबाहेरील सहल’ असे लिहून परवानगी मागावी लागणार आहे. ‘प्रयोजन’ या रकान्यात काय भरावे, ते मुलांनीच सुचवावे असे मी त्यांना सांगितले आहे. सोमवारपर्यंत मुदत दिली आहे.